नीलक्काच्या गिरणीतलं कोडं

मी कॉलेजात मराठी शिकवतो, ही गोष्ट मी आमच्या मंगळवार पेठेत फारशी कुणाला सांगत नाही. सांगितली की लोक हसतात. त्याला कारण नीलक्का. तिची पिठाची गिरणी होती. शिक्षण कन्नड शाळेत सातवीपर्यंत. लग्न होऊन चंदगडच्या पुढच्या, हद्दीपलीकडच्या गावातून ती कोल्हापुरात आली, तेव्हा तिला मराठीत ‘व्हय’, ‘नको’ आणि ‘वडा’ एवढे तीनच शब्द येत होते, असं ती स्वतःच सांगायची. या बाईनं मला बारा वर्षं मराठी शिकवली, आणि वर दळणाची रांगही कधी चुकवू दिली नाही.

पहिल्यांदा गेलो तो दिवस नीट आठवतो. आम्ही नुकतंच त्या पेठेत बिऱ्हाड हलवलं होतं. बायकोनं गव्हाचा डबा हातात दिला आणि “बारीक दळून आणा, आणि तिथं कुणाशी वाद घालत बसू नका” असं बजावून पाठवलं. गिरणी म्हणजे एक खोली. भिंती, वायरी, वरचा पंखा, सगळं पांढरं. जमिनीवर डब्यांची रांग आणि बाकावर डब्यांच्या मालकांची. मधोमध उंच स्टुलावर एक सडपातळ, काळीसावळी, साठीला टेकलेली बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती. तिच्या कपाळावर विभूती होती की पीठ, हे मला पुढे कित्येक महिने कळलं नाही. एका हातानं ती खाली पडणारं पीठ चिमटीत धरून पाहत होती, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याला चिमटा लावून घडी घातलेला पेपर होता, आणि गिरणीच्या घरघरीच्या वर आवाज चढवून ती ओरडत होती,

“दगड फुटला आणि रंग दाट झाला! तीन अक्षरं! बोला!”

कोल्हापुरात निघणाऱ्या एका दैनिकात राशिभविष्याच्या खाली रोज एक शब्दकोडं यायचं. साधं नाही, आडवळणाचं. त्यातली ओळ दिसायची एक आणि मागत असायची दुसरंच. मी ते पूर्वी कधीतरी पाहून ‘फालतूपणा’ म्हणून सोडून दिलं होतं, म्हणजे मला ते आलं नव्हतं. पण समोर मराठीचा प्रश्न पडलेला आणि आपण गप्प बसायचं, हे काही माझ्या स्वभावात नाही. मी पुढे सरसावलो. दगडाला पाझर फुटणे हा वाक्प्रचार, त्यातून करुणरस, आणि रसाला रंग असतो ही परंपरा, असं मी बरंच काही बोललो. बाकावरचे लोक माझ्याकडे आदरानं पाहत होते. निदान मला तसं वाटलं.

“पावणं नवीन दिसत्यात,” ती म्हणाली. “काय करता?”

“कॉलेजात मराठी शिकवतो.”

“मग मास्तर, दगड फोडा की. त्याचं कौतुक कशाला करालाय?”

तिनं शेजारच्या पत्र्याच्या झाकणावर साचलेल्या पिठात बोटानं तीन अक्षरं काढली. द, ग, ड. एकमेकांपासून लांब लांब. “फुटला म्हंजे तुकडे झाले. तुकडे कसे बी पडत्यात. जोडा.” आणि ती पिठाच्या चिमटीकडे वळली. मी त्या तीन अक्षरांकडे पाहत राहिलो. सगळा बाक माझ्याकडे पाहत होता. कितीतरी वेळानं माझ्या तोंडून निघालं, “गडद!”

तिनं शाबास म्हटलं नाही. कानावर खोचलेली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “लिवा.” मी तीन चौकोनांत तीन अक्षरं लिहिली. खोटं कशाला सांगू, प्रबंध मान्य झाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

गिरणीत एक रिवाज होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. नीलक्का ओळ वाचणार, समजावून सांगणार, पिठात अक्षरं काढणार, पण उत्तर सांगणार नाही. उत्तर समोरच्याच्या तोंडून यायचं. ज्याच्या तोंडून येईल त्यानंच ते लिहायचं. आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना कुणी मध्येच उत्तर फोडलं, तर त्याचा डबा उचलून रांगेत सगळ्यात मागे. मग तो डबा नगरसेवकाचा का असेना. एकदा खरंच नगरसेवकाचा होता, आणि तो बिचारा दोन तास ज्वारीसाठी उभा राहिला.

हा रिवाज तिच्या सासऱ्यांचा. ही गोष्ट ती आठवड्यातल्या वीज नसलेल्या दिवशी सांगायची. त्या दिवशी गिरणी बंद असायची, पण लोक डबे नसतानाही येऊन बसायचे.

सासऱ्यांना कन्नड उत्तम यायचं, पण ते सुनेशी कन्नडमध्ये बोलायचे नाहीत. लग्नानंतर महिनाभरात तिच्या हातून एक मोठा घोळ झाला होता. एका लग्नघरची बेसनाच्या लाडवांची वीस किलो डाळ आली होती. त्या घरच्या बाईनं दळण जाड ठेवायला सांगितलं, हिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मान मात्र जोरात हलवली आणि सगळी डाळ मैद्यासारखी बारीक करून दिली. लाडू टाळूला चिकटले. लग्नघरच्यांनी गिरणीत येऊन सासऱ्यांना चार लोकांत बोल लावले. सासू म्हणाली, हिला परत माहेरी पाठवा.

“मी रात्रंदिवस रडालते,” नीलक्का सांगायची. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “मामा काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी पेपर फुडं ठेवला. एका ओळीवर बोट ठेवलं. नवऱ्याकडनं सांगितलं, हे येईल त्या दिवशी तुझ्याशी कन्नडमधी बोलीन.”

ओळ होती, ‘तळलेला उलटा केला, की खेळ सुरू. दोन अक्षरं.’ शब्दांचे अर्थ सासऱ्यांनी हातवारे करून समजावले. आता तिला येणाऱ्या तीन शब्दांत वडा होताच. तिनं काय करावं? स्वयंपाकघरात जाऊन खरोखरचे वडे तळायला घेतले. कढईतला वडा झाऱ्यानं उलटा करायची आणि आता काय होतंय म्हणून बघत बसायची. तीन दिवस घरानं वडे खाल्ले. नवऱ्याला, मल्लाप्पाला, दया आली. त्यानं हळूच तिच्या कानात ‘डाव’ असं उत्तर सांगितलं. ते सासऱ्यांनी ऐकलं. तिला काही बोलले नाहीत, पण मल्लाप्पाला दोन दिवस सगळ्यांची जेवणं झाल्यावर, बायकांच्याही मागून जेवायला बसवलं.

“मग पुन्हा दुसरी ओळ?” मी विचारलं होतं.

“दुसरी, तिसरी. बाविसाव्या दिवशी एक माझ्या तोंडातनं आली. मामांनी पेन्सिल दिली. लिही म्हणाले. अक्षर काढाय येत न्हवतं तर हात धरून लिवून घेतलं. मग कन्नडमधी बोलले.”

“काय बोलले?”

“म्हणाले, बाळ, दमलीस काय?” एवढं सांगून नीलक्का टॉवेलानं डोळे पुसायची आणि पीठ गेलं म्हणायची. वीज नसलेल्या दिवशी कुठलं आलंय पीठ? पण तिच्याशी वाद कोण घालणार.

समजावून सांगायची तिची पद्धत सगळी गिरणीतली. “ओळ आली तशी गिळायची न्हाई. आधी निवडायची. एक खडा अस्तोयच. त्यो गावला की बाकीचं नुसतं पीठ.” खडा म्हणजे ओळीतला तो शब्द, जो तिथं विनाकारण आल्यासारखा वाटतो. फुटला, उलटा, आत, डोकं नसलेला. कुणी घाई केली की तिच्या तोंडून कन्नड यायचं, “निधान, निधान.” म्हणजे सावकाश. आमच्या सगळ्या पेठेला हा एक कन्नड शब्द येतो. रिक्षावालेसुद्धा चौकात एकमेकांना ‘निधान’ म्हणतात.

कोडं रचणाऱ्याचं नाव पेपरात कधी यायचं नाही. नीलक्का त्याला पावणं म्हणायची. “काय म्हणत्यात आज पावणं?” असं म्हणत पेपर उघडायची. बारा वर्षांत तिनं या न पाहिलेल्या माणसाचा सगळा संसार उभा केला होता. ओळींत मारामाऱ्या जास्त असल्या तर त्याचं घरात भांडण झालंय. खाण्याचे पदार्थ आले तर उपास धरलाय. एकदा ओळीमागून ओळ सोपी आली, तेव्हा ती काळजीत पडली. “मास्तर, पावण्याला ताप आलाय. फोन करून इचारा की पेपरवाल्यांना.” मी टाळाटाळ केली. तिनं तीन दिवस तोच लकडा लावला. शेवटी मी फोन केला आणि ‘आपले कोडेकार बरे आहेत ना’ असं विचारलं. पलीकडच्या माणसानं बहुतेक मला वेडा ठरवलं असेल. बरे आहेत, असं कळल्यावर ती म्हणाली, “मग आळस करालाय. उद्या बघते त्याला.”

तिला सगळं यायचं असं मात्र नाही. त्याची एक हकिगत आमच्या बाकावर कायमची झाली आहे. चव्हाण साहेब म्हणून सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, आणि आपण निवृत्त झालोय हे अजून कबूल नाही. त्यांचा ठाम संशय होता की नीलक्काला छापखान्यातून कुणीतरी उत्तरं सांगतं. “सातवी शिकलेली बाई, तीही कन्नड शाळेत. शक्यच नाही,” असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे. हे तिच्या कानावर गेलं. ती म्हणाली, “साहेब, उद्याचा पेपर तुम्हीच आणा.”

दुसऱ्या दिवशी साहेब सहाला विक्रेत्याच्या गठ्ठ्यातून पेपर काढून, बगलेत दाबून आले. घडी सगळ्यांसमोर मोडली. नीलक्कानं झरझर ओळी निवडायला घेतल्या. अर्ध्या तासात कोडं भरलं, एक ओळ सोडून. ‘समुद्राला दगड जोडला, पोरी झेलत बसल्या. पाच अक्षरं.’

बाकावर एकाएकी चुळबूळ झाली. बायकांना तर ते लगेच आलं होतं. मलाही आलं होतं, आणि साहेबांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही. नीलक्का मात्र ओळीकडे पाहत बसली. वरचं धान्य संपलं, दगडावर दगड खरखरायला लागला, तरी तिचं लक्ष नव्हतं. असं कधीच झालं नव्हतं. शेवटी तिनं मोटार बंद केली आणि म्हणाली, “न्हाई येत.”

साहेब जिंकले होते. त्यांनी फक्त तोंड उघडायचं बाकी होतं. ते उठले, काही न बोलता घरी गेले, आणि दहा मिनिटांनी त्यांच्या बायकोच्या जुन्या डब्यातली एक कापडी पिशवी घेऊन परत आले. इस्त्रीच्या पँटनिशी पिठाच्या जमिनीवर मांडी घालून बसले. पिशवीतून पाच राखी बिया काढल्या, चार जमिनीवर पसरल्या, पाचवी वर फेकली आणि ती खाली यायच्या आत एक उचलायचा प्रयत्न केला. साफ चुकला.

“अय्यो, हे तर आमचं गज्जुग!” नीलक्का स्टुलावरून खाली उतरली. साहेबांच्या हातातून बी घेतली आणि जी खेळायला लागली, की एक गेली, दोन गेल्या, चारही मुठीत. साठीची बाई नऊ वर्षांची झाली होती. मग थांबून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. “ह्याला मराठीत काय म्हणत्यात?”

कुणी बोललं नाही. साहेबही नाही. ती पुन्हा ओळीकडे गेली. समुद्र, दर्या, सागर. दगड, धोंडा, गोटा. पिठात तिचं बोट हळूहळू फिरत होतं. “सागरगोटे,” ती म्हणाली. साहेबांनी खिशाचं पेन काढलं, मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, पेन परत ठेवून त्यांनी तिच्याच कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली. “लिहा.”

“माझं ल्हानपण कन्नडमधी गेलं की साहेब,” ती म्हणाली. “तेवढं एक दळायचं ऱ्हायलंय.”

त्या दिवसापासून चव्हाण साहेब बाकावरचे सगळ्यात कडक शिस्तीचे माणूस झाले. कुणी नुसता ओठ हलवला तरी ते डब्याकडे बोट दाखवायचे.

माझा डबाही एकदा मागे गेला. ही गोष्ट मला सांगायला आवडत नाही, पण तिच्याशिवाय नीलक्का पुरी होत नाही. सुशीलाबाई म्हणून पाच घरच्या पोळ्या लाटणारी एक बाई यायची. बाकाच्या टोकाला बसायची, पदर तोंडाशी धरून सगळं ऐकायची, पण तीन वर्षांत तिनं एक शब्द काढला नव्हता. एक दिवस नीलक्कानं तिच्याकडे पाहून ओळ वाचली. ‘शाबासकी देऊन आंबा पिळला, तर इस्टेटीला धनी मिळाला. तीन अक्षरं.’

“मला कुठं येतंय अक्का,” सुशीलाबाई म्हणाली.

“शाबासकी देताना तू काय म्हणतीस?”

“मला कोण देतंय शाबासकी!”

“न्हाई, तू दुसऱ्याला देतीस तवा. पोरानं पाठ म्हटलं की?”

“वा,” ती म्हणाली. मग पुन्हा जरा मोठ्यानं, “वा.” नीलक्कानं पिठात ‘वा’ काढला आणि पुढे दोन टिंबं दिली. “आता आंबा पिळ.” सुशीलाबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं होतं. ओठ उघडले होते. आणि मी, गाढव, मागून ओरडलो, “वारस!”

नीलक्कानं मोटार बंद केली. पट्टा फडफडत थांबला. त्या शांततेत तिनं खाली उतरून माझा डबा पायानं ढकलत ढकलत अकरा डब्यांच्या मागे नेला. “मास्तर, तोंडाला दार न्हाई व्हय तुमच्या?” एवढंच म्हणाली. सुशीलाबाई पिशवी उचलून निघून गेली. मी त्या दिवशी पिठाशिवाय घरी गेलो आणि आम्ही भात खाल्ला.

संध्याकाळी मी पुन्हा गेलो, माफी मागायला. सवयीनं दोन-चार युक्तिवादही तयार ठेवले होते. नीलक्का झाडू मारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्हाला आलतं. मला बी आलतं. तिला यायचं होतं. त्यो तिचा पयला शब्द होता, आणि तुम्ही घेतला.” मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. वर्गात एखादं पोर अडखळायला लागलं की मी हल्ली जीभ दाताखाली धरतो, ती तेव्हापासून.

सुशीलाबाई आठ दिवस आलीच नाही. नीलक्का स्वतः तिच्या घरी जाऊन ज्वारीचा डबा उचलून घेऊन आली, म्हणजे मागोमाग तिला यावंच लागलं. पुढे महिनाभरानं ‘नोकर वतनावर गेला, सुताराचं हत्यार मधेच राहिलं’ अशी ओळ आली. “दाणा शब्दात न्हाई, दोन शब्दांच्या फटीत अडकलाय,” नीलक्का म्हणाली. सुशीलाबाई पेपरावर बोट ठेवून एकेक अक्षर सरकत गेली, आणि एकदम ओरडली, “करवत!” सगळा बाक गप्प होता. चव्हाण साहेब तर माझ्या तोंडाकडेच बघत बसले होते. सुशीलाबाईनं चार चौकोनांत चार अक्षरं लिहिली आणि पेन्सिल परत द्यायची विसरून घरी घेऊन गेली.

मग नीलक्काला खोकला लागला. आधी आम्ही सगळ्यांनी मनावर घेतलं नाही, तिनं तर नाहीच. चाळीस वर्षं पिठात बसलेली बाई. पण पुढे पुढे एक ओळ वाचायला तिला तीनदा थांबावं लागायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पिठाची धूळ बंद. तिचा मुलगा बसवराज इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. स्वभावानं चांगला, आईवर जीव असलेला. त्यानं तिथं दोन खोल्या घेतल्या होत्या. गिरणी बंद करून आईला घेऊन जायचं ठरलं. त्यात वाईट कुणीच नव्हतं, म्हणून रागही कुणावर काढता येत नव्हता.

“गिरणीचं काय न्हाई हो,” ती मला म्हणाली. “दगड काय, कुणी बी फिरवंल. पर तिकडं सांगायचं कुणाला? सगळे माग. दिसभर खटाखट. आमचा बसू सकाळी जातोय, रातीला येतोय. मी कोडं सोडवून भिंतीला दावू व्हय?”

“स्वतःसाठी सोडवायचं,” मी म्हणालो.

“एकटीनं पंगत वाढून एकटीनंच जेवायची. जातंय व्हय घशाखाली?”

शेवटच्या दिवशी चव्हाण साहेबांनी तिला मोठा जाडजूड शब्दकोश भेट दिला. तिनं तो चाळून पाहिला. “साहेब, चांगलं हाय. पर ह्यो तर समदं सांगूनच टाकतोय की.” सगळे हसले. मग शेवटचा डबा दळून झाला, तिनं मोटार बंद केली, आणि कुणालाच हसू येईना. सुशीलाबाई मोठ्यानं रडली. मी पिठाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ती गेल्यावर मी रोज सकाळी कोड्याचा फोटो काढून तिच्या फोनवर पाठवायला लागलो. सुरुवातीला तिचे आवाजी निरोप यायचे. “पावण्याचं पोट बिघडलंय,” वगैरे. मग दोन दिवसांनी एक, आठवड्यानं एक. मग नुसत्याच निळ्या खुणा. फोन केला तर म्हणाली, “सोडवत न्हाई मास्तर. पेपर येतोय, बसू वाचतोय.” खोकला कमी होता, पण आवाजातला तो घरघरीच्या वर जाणारा जोर गेला होता. मला धास्ती वाटायला लागली. बाविसाव्या दिवशी मिळवलेली भाषा ही बाई अशी दोन खोल्यांत मिटून ठेवणार, आणि आपण रोज फोटो पाठवत राहणार. मग मीही फोटो पाठवायचे बंद केले. ते मी तिच्यासाठी केलं असं तेव्हा स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे उत्तर न येण्याचा मला त्रास व्हायला लागला होता.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका रविवारी, मी एसटीनं इचलकरंजीला गेलो. सुशीलाबाईनं लाडू करून दिले होते, बेसनाचे, जाड दळणाचे, पितळी डब्यात. बसवराजच्या घराच्या खाली मागांची शेड होती. जिना चढतानाच सगळं घर थरथरत होतं. खालच्या खटखटीच्या वर एक ओळखीचा आवाज ऐकू आला आणि मी जिन्यातच थांबलो.

“धान्याचं डोकं उडवलं, की पदराला शोभा आली! दोन अक्षरं! बोल!”

दार उघडंच होतं. नीलक्का जमिनीवर बसली होती. डोक्याला टॉवेल नव्हता. कपाळावर होती ती विभूतीच होती, हे पहिल्यांदा नक्की कळलं. समोर परातीत मूठभर पीठ पसरलेलं, पेपर चव्हाण साहेबांच्या शब्दकोशावर ठेवलेला, आणि परातीपलीकडे तिघी तरुण बायका. मागांवर कामाला ओडिशाकडून आलेल्यांच्या बायका होत्या. त्यांतली एक, सबिता नावाची, पदराचं टोक दातात धरून पिठाकडे पाहत होती.

“या मास्तर, बसा,” नीलक्का म्हणाली, जणू मी रोजच येतो. “ही आमची तंगी, धाकटी भन, सबिता. मराठीत अजून चार म्हैन्यांची हाय.”

“कळवलं का नाही?” मी विचारलं. मला रागच आला होता. “मी तिकडे काळजीनं...”

“कळवलं असतं तर तुम्ही आला असता व्हय?” ती हसली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, “खाली दुकानात बघितली हिला. तांदूळ मागाय येईना. हातानं दावालती, आणि दुकानदार हसालता. मी वर आले आणि दार लावून रडले. म्हटलं, नीले, ही तर तूच की ग. दुसऱ्या दिवशी बोलावली.” तिनं सबिताकडे वळून आवाज चढवला. “हं! धान्य सांग.”

“चावल,” सबिता म्हणाली. “तांदूल.”

“आणि?”

“गहू. ज्वारी.” ती थांबली. मग आठवून म्हणाली, “बाजरी. तुम्ही भाकरी दिली, वो.”

नीलक्कानं पिठात तिन्ही अक्षरं काढली. बा, ज, री. “आता डोकं उडव.” सबिता त्या अक्षरांकडे पाहत राहिली. डोकं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं. तिनं स्वतःच्या डोक्याला हात लावला. शेजारच्या दोघी हसल्या. ती ओशाळली, पदर पुन्हा दातात धरला. पदराला बारीक चकाकती किनार होती.

मला उत्तर केव्हाच आलं होतं. मला एवढंच दिसत होतं की पोरगी अडली आहे, आणि तिच्या दातातच ते आहे. माझं तोंड उघडलं. नीलक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं फक्त हात लांब केला, माझ्या मांडीजवळचा लाडवांचा डबा उचलला आणि मागे, पार भिंतीला नेऊन टेकवला.

मी तोंड मिटलं.

“निधान,” नीलक्का म्हणाली.

खाली माग चालूच होते. सबितानं एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं, आणि पिठातला पहिला ‘बा’ हळूच पुसून टाकला. उरलेल्या दोन अक्षरांवरून तिचे ओठ नुसतेच हलले, आवाज न करता. मग तिनं दातातला पदर सोडला, हातात धरून पाहिला, आणि खालच्या खटखटीच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“जरी!”

नीलक्कानं शाबास म्हटलं नाही. कानावरची पेन्सिल काढून तिनं सबिताच्या हातात दिली. सबितानं ती मुठीत धरली, पण अक्षर कुठून सुरू करायचं ते तिला सुचेना. तेव्हा नीलक्का परातीला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिचा हात आपल्या हातात धरून म्हणाली, “लिही, बाळ.”